वाचकांचे प्रश्न: नव्या ओकमधली व्हिस्की कशी चाखावी?

प्रश्न: नमस्कार ताई. धाकट्या भावाने परदेशातून येताना डीनस्टन व्हर्जिन ओक ही सिंगल माल्ट आणली. आम्ही आजवर व्हिस्कीत सोडाच घालत आलो. ही मात्र काही न घालता घेतली, तर वासाला नुसता व्हॅनिला आणि खोबरं, मागून जिभेवर तुरटपणा. बर्फ टाकला तर गढूळ झाली. बाटली खराब निघाली का? आणि नव्या लाकडात मुरलेली म्हणजे जास्त चांगली का? सोबत चिवडा होता.
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: नमस्कार. तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून तरी बाटलीत काही वावगं दिसत नाही. आधी गढूळपणाचं सांगते. ही व्हिस्की चिल-फिल्टर केलेली नाही, म्हणजे भरण्याआधी गार करून तिच्यातले स्निग्ध घटक गाळून काढलेले नाहीत. ४६.३ टक्के अल्कोहोलमध्ये ते विरघळलेले राहतात. बर्फाने गारठा आला, पाणी वाढलं की ते वेगळे होतात आणि पेला धुरकट दिसतो. मला तो धुरकटपणा दिसला की बरं वाटतं, कारण तोंडात व्हिस्की भरीव लागते ती याच घटकांमुळे.

आता लाकूड, म्हणजे दारू ज्या ओकच्या पिंपात (बॅरलमध्ये) मुरते ते. गंगापूर धरणाकडच्या एका वाइनरीत मी बरीच वर्षं बॅरल सांभाळली. नवं बॅरल आलं की बूच काढून आधी नाक लावायचं ही माझी सवय. व्हॅनिला, लवंग, ओलं खोबरं, थोडं जळकं गोडसर असं काहीतरी, सगळं एकदम अंगावर येतं. त्याच बॅरलमध्ये तीन-चार वेळा वाइन मुरून गेली की फारसं काही उरत नाही. व्हॅनिलाचा वास लाकडातल्या लिग्निनपासून येतो, लवंगेचा युजेनॉलमुळे, आणि खोबऱ्याचा लॅक्टोनमुळे. अमेरिकन पांढऱ्या ओकमध्ये हे लॅक्टोन भरपूर. तुरटपणा लाकडातल्या टॅनिन या घटकाचा. वाइनसाठी बॅरल आतून नुसतं शेकतात, अमेरिकेत बर्बन या तिथल्या व्हिस्कीसाठी मात्र कोळशाचा थर धरेपर्यंत जाळतात.

तिथल्या कायद्याने बर्बन जळक्या नव्या ओकमध्येच मुरवावी लागते. तिची वापरलेली बॅरल मग स्कॉटलंडला जातात, आणि बहुतेक स्कॉच अशा जुन्या लाकडातच वाढते. तिथे लाकडाचा जोर आधीच उतरलेला असतो, म्हणून माल्टला, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या चवीला, बोलायला जागा मिळते. डीनस्टनही आधी तशाच बॅरलमध्ये ठेवतात आणि शेवटी नव्या, म्हणजेच ‘व्हर्जिन’, ओकमध्ये हलवतात. (ही डिस्टिलरी १७८५ च्या सूतगिरणीच्या इमारतीत आहे, भावाला जरूर सांगा.) ग्लेनमोरांजी या स्कॉटिश डिस्टिलरीने २०१३ मध्ये आणलेली इआलांटा ही व्हिस्की मात्र १९ वर्षं नव्या अमेरिकन ओकमध्ये होती, म्हणजे जास्त काळही जमू शकतो. पण तो थंड हवेतला खेळ. स्कॉटलंडमध्ये बॅरलमधून वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं, बंगळुरूला अमृत या डिस्टिलरीच्या गोदामात १० टक्क्यांच्या आसपास. उष्णतेत लाकूडही तितक्याच घाईने उतरतं.

तेव्हा नवं लाकूड म्हणजे जास्त चांगलं, हे मला मान्य नाही. नव्या माठातल्या पाण्याला सुरुवातीला मातीचाच वास येतो, तसा नव्या ओकचा गोडवा सर्वांत आधी नाकात शिरतो. आपण वाहवा करतो आणि तिथेच थांबतो. मला बघायचं असतं ते त्याच्या मागे जव आहे की नाही.

पुढच्या वेळी असं करा. तोंडाकडे निमुळत्या होत गेलेल्या ग्लासात ३० मिली घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच राहू द्या. नाक ग्लासात खुपसू नका. ओठ किंचित उघडे ठेवून कडेवरूनच वास घ्या, म्हणजे अल्कोहोल झोंबत नाही. एक छोटा घोट जिभेवर फिरवा. मग अर्धा चमचा साधं पाणी घाला, बर्फ नको. गारठ्यात वास दबतो आणि तुरटपणाच तेवढा जाणवतो. आता व्हॅनिला मागे सरकेल. मध आणि भाजलेल्या धान्याचा वास लागला की समजा माल्ट भेटला. घोट गिळल्यावर हिरड्या आणि गालाची आतली बाजू कोरडी पडते, तिकडे लक्ष द्या. कोरडेपणा थोड्या वेळात ओसरला आणि धान्याची चव उरली, तर लाकूड प्रमाणात आहे. नुसता तुरटपणाच रेंगाळला तर ते जास्त झालंय, मग लेबल कितीही भारी असो.

आणि चिवडा नंतर. नाशिकचा चिवडा मलाही प्रिय आहे, पण त्याच्या तिखटा-लसणापुढे कुठलीच माल्ट टिकत नाही.

प्रश्न: छोटं ओकचं बॅरल घेऊन त्यात आपली नेहमीची व्हिस्की वर्षभर ठेवली तर ती सिंगल माल्ट होईल का?
एक वाचक, सिन्नर

उत्तर: नाही. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या जवापासून काढलेली व्हिस्की. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत बहुधा मळीपासूनचा स्पिरिट असतो, तो लाकडाने बदलत नाही. शिवाय बॅरल जितकं लहान, तितकं दारूच्या मानाने लाकूड जास्त. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये ती काही आठवड्यांतच कडवट-तुरट होईल, आणि बरीचशी उडूनही जाईल. हौस असेलच तर पावसाळ्यानंतर भरा, दर आठवड्याला चमचाभर चाखा, आणि आवडली त्या दिवशी काचेच्या बाटलीत काढून घ्या.