जॅक द रिपर प्रकरणात हौशी अभ्यासकांच्या हाती खरोखर काही लागले आहे का?

आपण विचारले आहे की, १८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात झालेल्या खुनांवर (यांतल्या अज्ञात खुन्यालाच ‘जॅक द रिपर’ म्हणतात) जगभरातील हौशी माणसे वर्षानुवर्षे डोके खपवतात, त्यातून काही ठोस निष्पन्न झाले आहे का, की तो निवृत्त लोकांचा शब्दकोडी सोडवण्यासारखा विरंगुळा आहे. मी स्वतः निवृत्त आहे, त्यामुळे टोमणा मान्य करूनच उत्तर देतो. माझी २८ वर्षांची नोकरी तालुक्याच्या अभिलेख कक्षात झाली आणि गेली काही वर्षे मी या प्रकरणाचे जे कागद छापील किंवा आंतरजालावर मिळतात, ते वाचतो आहे. खुनी कोण हे हौशी अभ्यासकांनी सिद्ध केलेले नाही, आणि ते कधी होईल असे मला वाटतही नाही. मात्र ज्या कागदांवर सगळ्यांची भिस्त होती, त्यांत काय चुकीचे लिहिले आहे हे त्यांनी इतक्या चिकाटीने शोधून काढले आहे की, आज त्यांना वगळून या प्रकरणाचा इतिहास लिहिता येणार नाही.

सर्वांत महत्त्वाचे उदाहरण मेलव्हिल मॅकनॉटन यांच्या टिपणाचे आहे. फेब्रुवारी १८९४ मध्ये या पोलीस अधिकाऱ्याने तीन संशयितांची नावे लिहून ठेवली : ड्रूइट, कॉस्मिन्स्की आणि ऑस्ट्रोग. खून झाले तेव्हा मॅकनॉटन पोलीस दलात नव्हतेच. ते १८८९ मध्ये रुजू झाले आणि त्यापूर्वी बंगालमध्ये घराण्याच्या जमिनींचा कारभार पाहत होते. म्हणजे टिपण ऐकीव माहितीवरचे होते, तरीही वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हस्ताक्षरातील असल्यामुळे ते बराच काळ वेदवाक्य मानले गेले. पुढे लोकांनी एकेक नाव मूळ दप्तराशी ताडून पाहिले. ड्रूइट हा डॉक्टर होता असे टिपणात सांगितले आहे; प्रत्यक्षात तो वकील आणि शाळामास्तर होता. टिपणाची जी प्रत मॅकनॉटन यांच्या घरी राहिली, तिच्यात त्याचे वय सुमारे ४१ दिले आहे, तर मृत्यूसमयी तो ३१ वर्षांचा होता. कॉस्मिन्स्कीला मार्च १८८९ च्या सुमारास वेड्यांच्या इस्पितळात ठेवले, असे टिपण म्हणते. इस्पितळाच्या नोंदवहीत जो ॲरन कॉस्मिन्स्की सापडला, तो १८९१ मध्ये दाखल झालेला आहे. ऑस्ट्रोगची गोष्ट तर फारच बोलकी आहे, कारण खुनांच्या काळात तो चोरीच्या आरोपाखाली फ्रान्समध्ये अटकेत होता, हे तिथल्या कागदांवरून उघड झाले. जिवंत असता तर शंभर वर्षे उगाच बदनामी झाली म्हणून त्याने दावा लावला असता.

ड्रूइटच्या बाबतीत आपल्याकडच्या वाचकांना आवडेल असा एक तपशील आहे. तो चांगला क्रिकेटपटू होता, म्हणून अभ्यासकांनी त्या वर्षीचे धावफलक धुंडाळले. ८ सप्टेंबर १८८८ रोजी पहाटे ॲनी चॅपमनचा खून झाला आणि त्याच दिवशी सकाळी साडेअकराला ड्रूइट ब्लॅकहीथ येथे सामना खेळण्यासाठी मैदानात होता. ब्लॅकहीथ व्हाइटचॅपलपासून काही मैलांवरच असल्यामुळे एवढ्याने तो निर्दोष ठरत नाही. तरीही ज्याच्याविषयी आधी निव्वळ अफवा होती, त्याचा एक दिवस तरी कागदावर पक्का झाला.

माझा नोकरीतला अनुभव कामी आला तो नावांच्या बाबतीत. ३१ ऑगस्टला बक्स रो या रस्त्यावर मेरी ॲन निकोल्सचा मृतदेह प्रथम एका गाडीवानाला दिसला. कोरोनरपुढे, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे (मुंबईतही पूर्वी कोरोनर असत), त्याने आपले नाव चार्ल्स क्रॉस सांगितले. अलीकडे हौशी मंडळींनी जनगणनेची पुस्तके तपासून दाखवून दिले की त्याचे खरे आडनाव लेचमिअर होते. हा शोध उत्तम आहे. पण त्यानंतर अनेकांनी उडी मारली ती थेट निष्कर्षावर : नाव लपवले, म्हणजे खुनी तोच. ज्याने आयुष्यभर वारस नोंदी आणि फेरफार पाहिले आहेत, त्याला असे वाटणार नाही. क्रॉस हे त्याच्या सावत्र वडिलांचे आडनाव होते, १८६१ च्या जनगणनेत मुलाची नोंद त्याच आडनावाने आहे, आणि चौकशीत त्याने घराचा पत्ता व नोकरीचे ठिकाण दोन्ही खरे सांगितले. लपणारा माणूस पत्ता खरा देत नाही. आमच्याकडे एकाच गृहस्थाची तीन कागदांवर तीन नावे निघत, आणि त्यात फसवणूक क्वचितच असे. आजोळी वाढलेला मुलगा, दत्तक गेलेला मुलगा, किंवा तलाठ्याने ऐकले तसे लिहिले, एवढेच कारण असे.

हाच घोळ कॅथरीन एडोजच्या बाबतीत झाला. २९ सप्टेंबरच्या रात्री दारूच्या नशेत असल्यामुळे तिला बिशप्सगेट पोलीस ठाण्यात ठेवले होते. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास सुटताना तिने आपले नाव मेरी ॲन केली असे सांगितले, आणि पाऊण तासात माइटर स्क्वेअरमध्ये तिचा मृतदेह सापडला. पुढे नोव्हेंबरमध्ये मेरी जेन केलीचा खून झाला, त्यामुळे ‘मारेकरी केलीच्याच शोधात होता’ असे कटाचे इमले उभे राहिले. एडोज ज्याच्यासोबत राहत होती त्याचे नाव जॉन केली होते, हे या इमल्यांच्या पायाशी कुणी पाहतच नाही.

हौशी मंडळींची कमाल मला २०१४ मध्ये दिसली. एडोजची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या, लिलावात घेतलेल्या एका जुन्या शालीवरील जनुकीय नमुन्यावरून प्रकरण सुटल्याची घोषणा तेव्हा झाली आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनीही ती छापली. दोन लाख नव्वद हजारांत एकाला असणारा दुर्मीळ बदल नमुन्यात आढळला, असा दावा होता. ऑस्ट्रेलियातील हौशी अभ्यासकांच्या लक्षात आले की बदलाचा क्रमांकच चुकला आहे : ३१५.१सी ऐवजी ३१४.१सी लिहिले गेले होते, आणि खरा बदल युरोपीय वंशाच्या ९९ टक्क्यांहून अधिक लोकांत असतो. पुढे जनुकीय ठशांच्या तंत्राचे जनक ॲलेक जेफ्रीज यांच्यासह तज्ज्ञांनी ही चूक मान्य केली. मूळ दावा करणाराही हौशीच होता, हेही सांगायला हवे. फरक एवढाच की त्याच्याजवळ नाव (कॉस्मिन्स्कीचे) आधी होते आणि पुरावा नंतर आला.

आपल्याला स्वतः उतरायचे असेल, तर संशयितांची पुस्तके सध्या बाजूला ठेवावीत. निकोल्सच्या मृत्यूची कोरोनरपुढील चौकशी सप्टेंबर १८८८ च्या ‘टाइम्स’ आणि ‘डेली टेलिग्राफ’ या दोन पत्रांतून शेजारी शेजारी ठेवून वाचावी, आणि एकाच साक्षीदाराच्या तोंडी दोघांनी काय वेगवेगळे घातले आहे ते वहीत उतरवून काढावे. पहिले दोन-तीन आठवडे त्यातच जातील. गाडीवान क्रॉसच्या साक्षीपासून सुरुवात केलीत तरी चालेल.