वर्णद्वेष, वंशद्वेष की वंशभेद?

एका अनुवादक ताईंचा प्रश्न आहे : ‘अमेरिकेतल्या रेसिझमवरचा लेख मराठीत आणते आहे. वाचायला जावे तर वर्णद्वेष, वंशद्वेष, वंशवाद, वर्णभेद असे सगळेच शब्द सापडतात. बरोबर कुठला?’

‘वंशवाद’ आधी बाजूला ठेवा. हिंदीत तो राजकारणातल्या घराणेशाहीसाठी सर्रास चालतो, त्यामुळे वाचकाचा घोटाळा ठरलेला. शिवाय मराठी कानाला वंश म्हटले की वंशाचा दिवा, वंशावळ, निर्वंश हेच आठवते, म्हणजे एका घराचा विस्तार. संस्कृतात वंश म्हणजे बांबूही, पेरावर पेर चढत जाणारा. लाखो अनोळखी माणसांचा एक वंश, हा अर्थ त्याच्यावर फार उशिरा चढला.

उरले वर्ण आणि वंश. वर्ण म्हणजे कातडीचा रंग, वंश म्हणजे रक्त, तेव्हा वंशच लिहा, असे सांगून मोकळे होता आले असते. पण खुद्द अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला हा फरक चार महिनेही पेलला नाही. १७९० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्यांपैकी फक्त ‘गोऱ्या’ माणसाला नागरिक होता येई. १८७० मध्ये आफ्रिकी लोकांची त्यात भर पडली. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांच्या वतीने, जपान्यांची कातडीही गोरीच असते, असा मुद्दा आला. न्यायालय म्हणाले, रंगाचे काय घेऊन बसलात, गोरा म्हणजे कॉकेशियन (तेव्हाच्या मानववंशशास्त्राने युरोपीयांना ज्यात धरले त्या) वंशाचा. फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांनी नेमके तेच बोट धरले. अमृतसरकडचे हे शीख गृहस्थ अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले. मानववंशशास्त्र आम्हाला कॉकेशियनांत धरते, मग द्या नागरिकत्व! त्यावर त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकाल दिला की शास्त्राचे राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. ओझावांना वंश आडवा आला, थिंडांना वर्ण. दार एकच, कडी मात्र माणूस बघून बदलायची.

त्या खटल्यात आणखी एक गोष्ट घडली, ती वाचताना मान खाली जाते. उच्चजातीय हिंदू भारतातल्या मूळ रहिवाशांकडे, लग्नसंबंधाच्या बाबतीत, अमेरिकी माणूस निग्रोकडे बघतो तसेच बघतो, असा युक्तिवाद थिंडांच्या बाजूने झाला. गोरेपणाचा दाखला म्हणून जातिभेद! ‘वर्णद्वेष’ या शब्दातून आपले चातुर्वर्ण्य डोकावते अशी तक्रार मी ऐकली आहे. डोकावू दे की. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या लोकांना. त्यांना या दोन गोष्टींतले नाते दिसलेच होते.

निकालानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीय लोकांची कागदपत्रे रद्द करण्याचा सपाटा लावला. थिंडांच्या वकिलांपैकी सखाराम गणेश पंडित यांच्यावरही ती पाळी आली. ते स्वतःसाठी लढले, आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे ऐकायलाच नकार दिला म्हणून वाचले. भारतीय लोकांना नागरिक होण्याची वाट कायद्याने मोकळी झाली ती १९४६ मध्ये.

मला विचाराल तर खरी मेख शब्दाच्या पहिल्या पदात नाही, दुसऱ्यात आहे. द्वेष मनात असतो, तोंडाने बाहेर पडतो. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानावर मे २०२३ मध्ये व्हिनिसियस ज्युनियर या काळ्या ब्राझिली फुटबॉलपटूला ज्या शिव्या घातल्या गेल्या, तो वर्णद्वेष, दुसरा शब्दच नको. पण हे बघा : १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या एका गृहकर्ज संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवून घेतले. उत्तम भाग हिरवा, मग निळा, पिवळा, आणि कर्जाला धोक्याचा तो लाल. काळ्या लोकांची वस्ती असली की लाल रंग जवळपास ठरलेला. अशा वस्त्यांत घरासाठी कर्ज मिळेना, आणि घर नाही म्हणजे मुलांच्या नावावर करायला काही नाही. १९६८ च्या कायद्याने घरांच्या बाबतीतल्या अशा भेदभावाला बंदी घातली. तरी २०२० मध्ये १०८ शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हे जुने लाल भाग बाकीच्या भागांहून सरासरी २.६ अंश सेल्सियसने जास्त तापलेले आढळले. झाडे कमी, डांबर आणि काँक्रीट जास्त.

आज त्या गल्लीत घामाघूम होणाऱ्या म्हातारीचा द्वेष कोण करतो आहे? नकाशा रंगवणारा कारकून कधीच गेला. कदाचित त्यालाही कुणाचा राग नसेल, वरून आलेले कोष्टक भरले असेल. इथे ‘द्वेष’ लंगडा पडतो. भेद आखता येतो, कागदावर उतरवता येतो, आणि आखणारा गेला तरी मागे राहतो.

तेव्हा माणसाच्या बोलण्यावागण्यासाठी वर्णद्वेष लिहा. कायदा, कर्ज, शाळा, पोलीस यांच्याबद्दल असेल तर वंशभेद. दक्षिण आफ्रिकेच्या जुन्या राजवटीला मात्र वर्णभेदच राहू द्या. तिथल्या ‘अपार्टहाइड’ या शब्दाचा मूळ अर्थ वेगळेपण, त्याच्या तो जवळचाही आहे.

आणि तुमच्या लेखात ‘सिस्टेमिक रेसिझम’ येणारच. त्याला कृपा करून ‘पद्धतशीर वर्णद्वेष’ लिहू नका. पद्धतशीर म्हणजे आपल्याकडे ठरवून, बेत आखून केलेले. मूळ शब्दाला तर कुणी बेत केला नसला तरी चालू राहणारे सांगायचे आहे. ‘व्यवस्थेत मुरलेला वंशभेद’ लिहा. थोडे लांब होते, होऊ द्या.