ग्वाल्हेरच्या थंडीत बॉल पायथनसाठी (पाळीव आफ्रिकी अजगर) हीट मॅट घ्यावी की सिरॅमिक हीटर?

आधी थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला हीटर बंद-चालू करणारं उपकरण) घ्या, मग बाकीचं ठरवा. मॅट थेट प्लगला लावली तर तापतच राहते, आणि साप भाजला तरी पटकन बाजूला होत नाही. शिवाय मॅट तळ तापवते, हवा नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या दगडी वाड्यात जानेवारीच्या रात्री तेवढ्यावर भागणार नाही. वरून सिरॅमिक हीटर हवाच, सापाला टेकता येणार नाही असा, जाळीबाहेर. त्याचा उजेड पडत नाही, म्हणून रात्रभर चालतो. एका टोकाला ३१-३२ अंश, दुसऱ्याला २५-२६. लाल बल्बाच्या नादी लागू नका. खरी पंचाईत मे महिन्यात, तेव्हा हीटर सोडून कूलर शोधाल! आणि हो, परिवेश या सरकारी पोर्टलवर या परदेशी सापाची नोंदणी केलीय ना? (देशी अजगर पाळणं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच.)