मुलांना प्रयोगातले ‘चल’ आणि ‘कंट्रोल’ कसे समजावून सांगावेत?

मुलगी सातवीत आहे, चलाची, म्हणजे प्रयोगात बदलू शकणाऱ्या गोष्टीची, व्याख्या तिला तोंडपाठ आहे, पण प्रयोग मांडायला बसली की गोंधळते, असं तुम्ही लिहिलंय. व्याख्या राहू द्या. दोन माठ आणा.

सातवीत असताना २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी मी हाच प्रयोग केला होता. माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी गार होतं. मग छिद्रं बुजवली तर? एकाच कुंभाराकडून एकाच मापाचे दोन माठ घेतले. एकाला बाहेरून ऑइल पेंटचे दोन हात दिले, दुसरा तसाच ठेवला. दोन्हींत चार-चार लिटर नळाचं पाणी. पहिल्या दिवशी साधा माठ खिडकीत होता, रंगवलेला कपाटाआड. पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, "वारा एकालाच लागून राहिला नं. मग फरक रंगानं पडला की वाऱ्यानं, कसं सांगशील?" दोन्ही माठ एका बाकावर आणले. दुपारी तीनला साध्यात २४ अंश, रंगवलेल्यात २९. साध्याचं अंग ओलसर, रंगवलेला कोरडा ठक्क.

प्रदर्शनाच्या सकाळी सरांनी साधा माठ उचलून टेबलाखाली सरकवला. "अगं, हा तर घरोघरी असतो. यात तू काही केलंच नाहीस." त्याच्या जागी थर्माकोलची अक्षरं आली. परीक्षकांनी एवढंच विचारलं, "२९ म्हणजे गार म्हणायचं की गरम?" मला बोलता आलं नाही.

ज्यात काही केलं नाही तोच तर कंट्रोल! १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं स्कर्व्ही (हिरड्या सुजून रक्त येणारा आजार) झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या. जेवण सारखं, जागा सारखी, उपाय तेवढा वेगळा. संत्री आणि लिंबू मिळालेली जोडी झपाट्यानं सुधारली. बाकीच्या पाच जोड्या नसत्या तर हे संत्र्यांमुळे झालं की नुसत्या आरामामुळे, कळलंच नसतं. संत्र्यांच्या नागपुरात तरी ही गोष्ट प्रत्येक वर्गात सांगायला हवी.

मुलीला वहीत लिहायला लावा: मी काय बदललं (रंग), काय मोजलं (तापमान), काय सारखं ठेवलं (पाणी, जागा, वेळ). आणि शाळेत कुणी साधा माठ काढायला सांगितला तर तुम्ही स्वतः जा, पण काढू देऊ नका. बक्षीस गेलं तरी चालेल. सजावटीला गुण देणारे परीक्षक मुलांचं नुकसान करतात, हे मी आजही तोंडावर सांगेन.

प्रत्येक प्रकल्पाला कंट्रोल लागतोच असं नाही. अंबाझरी तलावावरचे पक्षी मोजायचे तर तिथे कसला माठ? शिवाय एखादा माठ मुळातच कमी झिरपणारा निघतो, म्हणून जमलं तर तीन-तीन घ्या. नवे माठ आधी दोन दिवस पाण्यानं भरून ठेवा. रंग द्यायचा तो माठ मात्र नंतर पूर्ण वाळवून मगच रंगवा. जुलैत करू नका. हवा दमट असली की साधा माठही फारसा गार होत नाही.