करार कोणाच्या नावावर?

'मुलीचे परप्रांतीय रूममेटशी पटत नाही, वर्ष वाया जाण्याआधी फ्लॅट बदलून देऊ का?' हा प्रश्न घेऊन येणारे पालक मला पुण्यात दर दिवाळीच्या सुमारास भेटतात. रत्नागिरीहून आलेल्या एका वडिलांनीही तोच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यांची मुलगी कर्वेनगरमध्ये दिमापूरच्या एका मुलीसोबत राहत होती. भांडणाचे निमित्त होते अखुनी, म्हणजे नागालँडमधील, विशेषतः सुमी या नागा जमातीच्या घरांमधील, आंबवलेल्या सोयाबीनचा पदार्थ. त्याचा उग्र वास कपड्यांना लागतो, ही एकीची तक्रार. ही दार आपटते आणि 'तुमच्याकडे असलेच खातात का' असे विचारते, ही दुसरीची.

पहिल्या बैठकीत माझ्याकडून दोन चुका झाल्या. 'सुक्या बोंबलांनाही वास असतोच की', असे मी रत्नागिरीच्या मुलीला म्हणाले. ती गप्प झाली, पण पटले म्हणून नव्हे, तर कोंडीत सापडली म्हणून. मग मी दोघींना आपापल्या संस्कृतीविषयी बोलायला सांगितले. त्यावर दिमापूरची मुलगी म्हणाली, की स्नेहसंमेलनात पारंपरिक शाल पांघरून नाचायला तिला आवर्जून बोलावतात, प्रकल्पाच्या गटात मात्र शेवटी उरलेली जागा देतात. खाद्यमहोत्सव भरवला की मुलांना सांस्कृतिक संवाद शिकवून झाला, असे मानणाऱ्यांत तोवर मीही होते.

पुढच्या वेळी संस्कृती हा शब्दच बाजूला ठेवला. 'तू नेहमी' असे न म्हणता नेमक्या कोणत्या दिवशी काय घडले ते एकीने सांगायचे, आणि तिने 'हो, मला हेच म्हणायचे होते' म्हणेपर्यंत दुसरीने ते आपल्या शब्दांत मांडायचे, एवढाच नियम होता. तेव्हा कळले, की एकीला मुलाखतीच्या दिवशी कपड्यांना वास येण्याची धास्ती होती आणि दुसरीला आठवड्यातून एकदा तरी घरचे जेवण हवे होते. मागण्या एकमेकींच्या विरुद्ध होत्या, गरजा नव्हत्या.

तरीही बोलता बोलता रत्नागिरीच्या मुलीच्या तोंडी 'माझ्या घरात' हे शब्द पुन्हा पुन्हा येत होते. भिन्न गटांतील माणसे एकत्र आल्याने पूर्वग्रह कमी व्हायचे असतील, तर त्या ठिकाणी त्यांचा दर्जा समान असावा लागतो, असे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडले होते. त्यांनी सांगितलेल्या समान उद्दिष्ट, सहकार्य आणि वरिष्ठांचा पाठिंबा या इतर अटींची तजवीज बैठकीत करता येते; दर्जा मात्र बाहेरच ठरलेला असतो. इथे 11 महिन्यांचा भाडेकरार वडिलांच्या नावावर होता, अनामतही त्यांचीच होती, आणि निम्मे भाडे नियमित भरणारी दिमापूरची मुलगी कागदोपत्री पाहुणी होती.

वडिलांना मी सांगितले, की धमकी, वंशावरून शिवीगाळ किंवा भीती असेल तर त्याच दिवशी मुलीला हलवावे, संवादाच्या नावाखाली तिला तिथे थांबवू नये. इथे तसे काही नव्हते, म्हणून आधी करार बदलून पाहावा. ते नाराज झाले, परंतु घरमालकांशी बोलून त्यांनी दोघींच्या नावाने नवा करार केला. अखुनी रविवारी सकाळी, खिडकी उघडी ठेवून आणि कपाट बंद करून शिजवायचे, हे मग मुलींनी दहा मिनिटांत ठरवले.

दोघींची मैत्री झाली नाही. मार्चमध्ये गिझरच्या बिलावरून त्यांचे पुन्हा वाजले. मला ते एप्रिलमध्ये, मिटल्यानंतर, कळले.