विहिरीतला हिरवा दगड तांब्याचा का?

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमच्या विहिरीचे काम चालू असताना जांभ्याखालच्या काळ्या कातळाच्या भेगांत हिरवा थर दिसला. हे तांबे असेल का? (एक वाचक)

उत्तर : बहुधा नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या आपल्या बेसाल्टमध्ये (लाव्हा थिजून झालेल्या याच काळ्या कातळात) पोकळ्यांना व भेगांना हिरवे अस्तर देणारे खनिज बहुतेक वेळा सेलॅडोनाइट असते. त्याचा हिरवेपणा लोहाचा, तांब्याचा नव्हे. खात्री हवी असल्यास चिमूटभर भुकटी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकावी (हातमोजे घालूनच) आणि त्यात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवावा. खिळ्यावर तांबूस पुट चढले, तरच तांबे. नुसत्या फसफसण्यावर जाऊ नये, कारण भेगांतले कॅल्साइट हे चुन्याचे खनिजही फसफसते.

तरीही भेगांकडे पाहण्याची आपली नजर योग्य आहे. ज्वालामुखी खडक भ्रंशरेषेवर (जिथे खडकाचे भाग तुटून सरकतात) तुटतो किंवा कर्तनपट्ट्यात (जिथे खडक रुंद पट्ट्यात एकमेकांवरून सरकतो) दाबला-घासला जातो, तेव्हा त्यात उष्ण, खारट पाण्याला वाट मिळते. खोलवरून विरघळून आणलेले तांबे हे पाणी थंड होताना, अथवा खडकाशी त्याची रासायनिक क्रिया होताना, चॅल्कोपायराइटसारख्या (तांबे, लोह व गंधक यांचे खनिज) गंधकयुक्त खनिजांच्या रूपात मागे राहते. झारखंडच्या सिंहभूम पट्ट्यातील मोसाबनी, सुरदा येथील खाणी अशाच कर्तनपट्ट्यातल्या. अमेरिकेतील मिशिगनच्या कीविनॉ भागात तर सुमारे 110 कोटी वर्षे जुन्या बेसाल्टच्या पोकळ्यांत व भेगांत शुद्ध धातुरूप तांबे सापडले. कोकणातल्या कातळालाही भेगा भरपूर आहेत, पण भेग ही केवळ वाट. तांबे वाहून आणणारे पाणी नसेल, तर ती तांब्यावाचून रिकामीच राहते.