आईसमोर बाबांचा विषय काढावा की नाही?

"बाबांचं नाव निघालं की आई रडते, म्हणून आम्ही विषयच टाळतो. बरोबर करतोय ना?" घरातलं वडीलधारं माणूस गेलं की मुलं हमखास हे विचारतात. माझं उत्तर आहे, टाळू नका. का, ते एका घराच्या अनुभवातून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

नागपुरात प्रतापनगरला राहणारे हे निवृत्त लेफ्टनंट कर्नल. शेवटची नेमणूक कामठीच्या गार्ड्स रेजिमेंट केंद्रात, म्हणून घर इथेच बांधलं. ते गेल्यावर मुलाने पुण्याहून येऊन तेरवी, फॅमिली पेन्शनचे कागद, सगळं चोख पार पाडलं. वर्दीतला फोटो कपाटात ठेवला आणि नातवंडांना बजावलं, "आजीसमोर आबांचं काही काढायचं नाही." पुढे काकूंचं जेवण तुटलं, तेव्हा तो त्यांना समुपदेशनासाठी माझ्याकडे घेऊन आला.

एकट्या असताना काकू म्हणाल्या, "यांचं नाव घ्यायचीच बंदी झाली हो घरात. मला वाटते, पोरं विसरली त्यांना."

रडू आलं म्हणजे दुःख वाढलं असं नसतं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलं की शोकातला माणूस गेलेल्याच्या आठवणी आणि पुढचं रोजचं जगणं यांत सारखा ये-जा करत असतो. ही ये-जा निरोगी आहे. इथे घरच्यांनी मायेपोटीच त्यातली एक वाट बंद केली होती.

मुलाशी वेगळं बोलले तेव्हा खरी गाठ सापडली. "शोकसभेत सगळे 71च्या लढाईबद्दल बोलले. मला आठवतात ते रजा संपवून निघालेले बाबा. माझ्या मुंजीलाही नव्हते." हा राग घेऊन आईसमोर बाबांबद्दल बोलायचं कसं, हे त्याला कळत नव्हतं. मला तो राग अगदी रास्त वाटला, आणि तसं मी त्याला सांगितलं.

मग सगळ्यांनी मिळून बाबांची ट्रंक उघडावी असं ठरलं. काळी लोखंडी ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव. 'कॅप्टन' पुसून 'मेजर', त्यावर पुन्हा रंग देऊन 'लेफ्टनंट कर्नल'. आत काकूंनी '56 एपीओ'च्या, म्हणजे लष्करी टपालाच्या, पत्त्यावर धाडलेली इनलँड पत्रं. एका पत्रात त्यांनी मुलाचे सहामाहीचे गुण कळवले होते. गणिताखाली पेन्सिलीची रेघ आणि बाजूला बाबांच्या अक्षरात, "रजेत घेणे."

"घेतलं ना! रोज रडवलं मला अपूर्णांकांवरून," मुलगा म्हणाला.

काकू म्हणाल्या, "तुला ओरडणंच आठवते. रात्री तुझं पुस्तक घेऊन आधी स्वतः गणितं सोडवून पाहत."

हे मला दोघांनी पुढच्या भेटीत सांगितलं, एकमेकांना मध्येच थांबवत. मुलाचा राग निवळला नव्हता, पण आता तो आईशी त्याबद्दल बोलू शकत होता. काकू दोन घास जास्त खाऊ लागल्या होत्या.

आई स्वतःहून नको म्हणाली तर मात्र आग्रह करू नका. सहा महिने उलटूनही तीव्र दुःख रोजची कामं होऊ देत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. "मलाही जायचंय" असं बोलली, तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा 14416 वर चोवीस तास मोफत मिळते, मराठीतही. आई एकटी राहत असेल तर हा नंबर तिच्या फोनमध्ये तुम्हीच सेव्ह करून द्या.